हलणारा उजेड

माझे वडील, आमचे आबा, फौजेतून परत आल्यावर रहिमतपूरला शेती बघायचे. पण भर दुपारी रानात कधी थांबायचे नाहीत. ऊन डोक्यावर आलं की खाली मान घालून घरी यायचे आणि दार लोटून घ्यायचे. आई म्हणायची, "फौजेतनं आल्यापासनं असंच हाय. इचारू नगंस."

नव्वदीच्या दशकात मी बंगळूरला दुर्बिणीच्या आरशांवर काम करत होते. उन्हाळ्यात घरी आले, तेव्हा जेवताना आबांनी पहिल्यांदाच विचारलं, "तू करतीस काय गं तिथं?"

मी सांगितलं. ताऱ्याचा उजेड सरळ येतो, पण आपल्यावरची हवा गरम-गार होऊन हलते, तिच्यात तो वाकडातिकडा होतो. म्हणून दुर्बिणीत अगदी चिमुकले आरसे शेजारी शेजारी बसवायचे. उजेड कुठं किती वाकला ते यंत्र मोजतं, आणि एकेक आरसा तेवढाच मागंपुढं सरतो. मग विस्कटलेला तारा पुन्हा नीट दिसतो.

आबांचा घास हातातच राहिला. "उन्हात लांबचा माणूस हलतो, त्येबी हवेनंच?"

"व्हय."

"हातात काय हाय कळत न्हाई, त्येबी?"

मी मानेनंच हो म्हटलं. मग आबा ताटाकडे बघत बोलले. "वाळवंटात चौकीवर हुतो. दुर्बिणीत एकजण येताना दिसला. हातात बंदूकच वाटली. मी गोळी घातली. जवळ गेलो तर काठी. शेरडं राखणारा म्हातारा हुता." हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "अजून येतो. रान तापलं की बांधावरनं हलत हलत येतो."

आईनं तोंडाला पदर लावला. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

"तुझ्या आरशानं मागचं सरळ हुतं का?"

खोटं बोलावंसं वाटलं. "न्हाई, आबा. उजेड येतो तवाच करावं लागतं. गेलेल्याचं काय करता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी फडक्यात भाकरी बांधून घेतली. "चल," म्हणाले. रानात ऊन नुसतं उकळत होतं. बांधाच्या टोकाकडे बघताना त्यांनी माझा हात धरला.

"आला?" मी विचारलं.

"आलाय."

मला फक्त हवा दिसत होती. आबांनी भाकरी बांधावर ठेवली, डोक्यावरची टोपी काढली आणि समोर बघून म्हणाले, "आवं, बसा."

त्या उन्हाळ्यात ते रोज दुपारी जात राहिले. आई विचारायची, "कुटं निघालासा उन्हाचं?"

"पाव्हणं आल्यात," म्हणायचे.