लोणी यायच्या आधी

आमच्या घरात केक कापला, की आत्या आपली बशी घेऊन बाजूला बसायच्या आणि चमच्याच्या टोकानं वरचं सगळं क्रीम खरवडून काढायच्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. क्रीम नातवंडांच्या बशीत जायचं, खालचा कोरडा तुकडा आत्यांच्या तोंडात. "टाळ्याला मेण लावल्यागत हुतंय गं," म्हणायच्या.

त्यांचं खोटं नव्हतं. बेकरीच्या सामानाच्या दुकानात गोठवलेलं खोकं मिळतं, त्यातलं व्हिप क्रीम बहुतेक वेळा दुधाचं नसतंच, तेलाचं असतं. पण गुणी बाळ! बीटर लावला की फुगतं. वर फुलं काढा, नावं लिहा, सोलापूरच्या उन्हाळ्यातही हूं की चूं करत नाही. घरचं दुधाचं क्रीम मात्र भारी नाजूक. जरा उकडलं की रडायलाच लागतं. मी आपली वर्षानुवर्षं खोकंच आणत आले होते आणि मला त्याची काडीची लाज वाटत नव्हती.

यंदा आत्यांना सत्तर वर्षं झाली. म्हणजे झाली असावीत. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. मे महिन्यात माझी नणंद मुलांना घेऊन येते, तेव्हाचाच एक रविवार आम्ही त्यांचा वाढदिवस म्हणून ठरवून टाकला. आणि माझ्या डोक्यात बसलं, की निदान स्वतःच्या केकवरचं क्रीम या बाईनं खाल्लं पाहिजे. आवडीनं खाल्लं पाहिजे. नवरा म्हणाला, "खोकं आणतो मी. उगाच कशाला उन्हात डोकं लावतेस?" झालं. मला कुणी 'उगाच' म्हटलं की ते काम मी करतेच.

तापवलेल्या दुधाची साय याला चालत नाही, गुठळ्या होतात. म्हणून डेअरीतून कच्च्या दुधाची, मशीनवर काढलेली मलई आणली. अर्धी फ्रिजमध्ये ठेवली. अर्धी पातेल्यात ओतून ते पातेलं बर्फाच्या परातीत ठेवलं आणि बीटर सुरू केला. काय सुंदर फुगायला लागली! आता घट्ट होणार, एवढ्यात लाईट गेली.

शेजारच्या भाभींकडे इन्व्हर्टर आहे. त्यांना विचारायला पळत गेले. "अरे, पतेलाच लेके आओ ना," त्या म्हणाल्या, पण आधी सरबताचा ग्लास हातात दिला. सरबत नाकारून त्या घरातून कुणी बाहेर पडलेलं मी पाहिलेलं नाही. पिऊन परत आले तर आत्या स्वयंपाकघरात फरशीवर बसलेल्या, दोन्ही पायांत पातेलं, हातात ताकाची रवी. कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर किल्ला जिंकल्याचा आनंद.

"लाईट गेली म्हणून काय झालं? आलं की!"

पातेल्यात गार पाण्यावर लोण्याचा पांढराशुभ्र गोळा तरंगत होता.

"आत्या, अहो मला लोणी नको होतं! क्रीम हवं होतं!"

"मंग? क्रीमचंच तर काढलं न्हवं? गार पानी बी घातलं, त्याबिगर सुटंना."

त्यांचं अगदी बरोबर होतं, तीच तर अडचण होती. नणंद ओट्याला धरून हसत होती आणि मी रडायच्या बेतात होते. बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, "मग आणू का खोकं?" गाडीची किल्ली त्याच्या हातात तयारच होती. इतका आनंद त्याच्या आवाजात लग्नातसुद्धा नव्हता.

हो म्हणायला मी तोंड उघडलं आणि फ्रिजमधली उरलेली मलई आठवली.

"आत्या, अजून एकदा घुसळाल? पण मी सांगेन तेव्हा थांबायचं."

"थांबायचं? लोणी यायच्या आदीच?"

"आधीच."

अर्धी कच्ची भाकरी तव्यावरून उतरवायला सांगावी, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण बसल्या. त्यांचं माहेर मैंदर्गीकडचं, घरात म्हशी, रोज मलई घुसळून लोणी काढायचं. कळायला लागल्यापासून रवी हातात आलेली. दोन्ही तळव्यांत ती अशी फिरायला लागली, की बीटरनं मान खाली घालावी. मलई फुगली. रवीच्या रेघा तिच्यावर उमटून तशाच राहू लागल्या.

"थांबा!" मी म्हटलं. हात चालूच.

"आत्या, थांबा!" चालूच. त्या हातांना थांबणं माहीतच नव्हतं. शेवटी मी त्यांच्या माहेरच्या कानडीत ओरडले, "साकु!" पुरे! मला येणारा तो एकच कानडी शब्द. रवी जागच्या जागी थबकली.

लाईट आलीच नाही. पहिल्या पातेल्यातलं लोणी पोरांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणीबरोबर दुपारीच फस्त केलं. केक आम्ही अंधार पडायच्या आत कापला. एका बाजूनं क्रीम घसरायला लागलं होतं, फूल एकही जमलं नव्हतं, आणि नवरा शहाणा माणूस, त्यानं गाडीची किल्ली खुंटीला अडकवून टाकली होती.

आत्यांनी वरचं थोडंसं क्रीम चमच्यावर घेऊन तोंडात घातलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी डोळे मिटले. दुसरा चमचा घेतला, मग तिसरा. मला इतका आनंद झाला, की मी नणंदेचा दंड घट्ट दाबला. ती ओरडलीच.

"सूनबाई," आत्या म्हणाल्या, "ह्ये रोजच माझ्या हातात येत व्हतं की गं? लोणी व्हायच्या आदी?"

"हो आत्या. रोजच."

त्या बशीकडे बघून हसल्या. "आन मी आपली घुसळतच ऱ्हायली. मधी थांब, जरा चाखून बघ, असं कुणी म्हनलंच न्हाय."

मी त्यांच्या बशीत अजून एक मोठा तुकडा वाढला. त्या नको म्हणाल्या नाहीत.