पद्मिनी हर्डीकरचा उलटा नवस

पद्मिनी हर्डीकरने देवघरातला गणपती पाण्यात ठेवला, तो स्वतःच्या मुलीची टीम हरावी म्हणून. अमेरिकेतल्या आमच्या सबंध श्रूजबरीत हे फक्त मला माहीत होतं. मला माहीत असूनही ते गुप्त राहिलं, यावर आमच्या मराठी मंडळात कुणाचा विश्वास बसणार नाही, पण राहिलं. मी बोलते फार, तरी कुठे गप्प बसायचं ते मला कळतं.

पद्मिनी माझी शेजारीण. मूळची नागपूरची, लग्न होऊन इथे आली आणि वूस्टरच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासत राहिली. फोडणी करायच्या आधी स्मोक अलार्मला शॉवर कॅप घालणारी, बर्फाची नुसती बातमी आली की फ्रिज दुधाने भरून टाकणारी बाई. काळजी हा तिचा मुख्य धंदा, लॅब हा जोडधंदा. नवरा राजीव आयटीतला. शब्द विकत आणावे लागत असल्यासारखा बोलतो. आणि एकुलती एक मुलगी रुचा, जन्माने इथलीच, मराठी सगळं समजणारी आणि उत्तर इंग्रजीत देणारी.

या मुलीला पद्मिनीने कथक लावलं, पेटी लावली, आणि मुलगी शेवटी फुटबॉलच्या गोलात जाऊन उभी राहिली. "बाकीच्या पोट्ट्या निदान पळतात तरी," पद्मिनी म्हणायची, "माझी एका जागी उभी राहून मार खाऊन राहिली." तिच्या मॅचला पद्मिनी जायची, पण गाडीत बसून राहायची. मुलीच्या अंगावर बॉल येताना बघवत नाही, हे कारण. मॅच संपली की खाली उतरून डबा द्यायची.

कॉलेज संपलं आणि वूस्टरमधल्याच एका इन्शुरन्स कंपनीत रुचाला नोकरी लागली. पद्मिनीने वरची खोली नव्याने रंगवून घेतली, पडदे शिवले. मग एका संध्याकाळी रुचाने जेवताना सांगितलं की कोचच्या ओळखीने तिला फ्रान्समधल्या एका क्लबने बोलावलंय. प्लूव्हेक नावाचं गाव. राहायला बेकरीच्या वरची खोली, गावातल्या लहान मुलींना खेळ शिकवायचा, आणि क्लबच्या गोलात उभं राहायचं. पगाराचं नाव काढल्यावर तिने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"किती दिवस?" पद्मिनीने विचारलं.

"देअर्स दिस कप, मॉम. कूप द फ्रान्स, विमेन्सवालं. वन्स वी आर आउट, आय कम होम. डील?"

पद्मिनीने राजीवकडे बघितलं. राजीवने फोनवर शोधलं आणि त्या वर्षातलं त्याचं सर्वांत लांब भाषण केलं. म्हणाला, देशभरातले बायकांचे क्लब यात उतरतात, गावातले हौशीसुद्धा आणि बड्या शहरांतले पगारी खेळाडूंचेसुद्धा. प्रत्येक फेरीच्या आधी चिठ्ठ्या काढून जोड्या लावतात, आणि एकदा हरलं की खेळ खलास. हा प्लूव्हेकचा क्लब आजवर दुसऱ्या फेरीच्या पुढे गेलेला नाही. हे ऐकून पद्मिनीने ताबडतोब "डील" म्हटलं. पोरगी दिवाळीच्या आत घरी, असा तिचा सरळ हिशेब होता. रुचाला कंपनीकडे विनवण्या करायला लावून रुजू व्हायची तारीखही पुढे ढकलून घेतली.

दिवाळी आली, रुचा आली नाही. टीम जिंकत सुटली होती. पहिली फेरी जिंकली, दुसरी जिंकली, तिसरीत समोरची टीम धुक्यात वाट चुकून उशिरा पोचली आणि दमून हरली. इतिहासात जे कधी झालं नव्हतं ते नेमकं हर्डीकरांच्या मुलीच्या पायगुणाने व्हायला लागलं. पद्मिनीने चकल्या केल्या आणि आम्हाला वाटून टाकल्या. "घर खायला उठतं गं," ती मला म्हणाली. "नवा रंग दिलेली ती खोली बघवत नाही."

त्याच आठवड्यात तिने गणपती पाण्यात ठेवला. देव पाण्यात ठेवायचे ते निवडणुकीसाठी, ऑपरेशनसाठी, पोराच्या ॲडमिशनसाठी. इच्छा पुरी होईस्तोवर देवाने सोसायचं, अशी आपली जुनी अडवणूक. पद्मिनीने काचेच्या बोलमध्ये पितळी गणपती ठेवला, वर पाणी ओतलं आणि मला म्हणाली, "टीम हरू दे, एवढंच मागितलं. पोरीला काही लागायला नको, तेवढं बघ म्हटलं."

"देवाला कंडिशन घालतेस?"

"मग काय? स्पष्ट सांगितलेलं बरं."

वर मॅसॅच्युसेट्सची थंडी. रोज सकाळी ती पाणी बदलायची ते कोमट करून. देव जिंकण्यासाठीच बुडालाय, असं राजीव धरून चालला होता. देवाला वेठीला धरायचं, पण सर्दी होऊ द्यायची नाही, ही खास पद्मिनी.

टीम खरंच हरते की नाही हे पाहायला ती आता मॅच बघू लागली. फ्रान्समध्ये दुपार असली की आपल्याकडे रविवारची सकाळ. राजीव टीव्हीवर क्लबचं थेट प्रक्षेपण लावायचा. प्रक्षेपण म्हणजे क्लबमधल्या एका गृहस्थाने तिकाटण्यावर लावलेला फोन. मैदानाला लागून कुरण होतं, त्यामुळे मधूनमधून गायी दिसायच्या, आणि हे गृहस्थ खेळापेक्षा गायींवर जास्त बोलतात असा राजीवला संशय होता. रुचाने बॉल अडवला की मात्र ते ओरडायचे, "रुशा! रुशा आर्दिकार!"

"वेदातलं नाव ठेवलं," पद्मिनी चिडायची, "त्याची रुशा करून टाकली मेल्याने. आणि ह कुठे गेला आमचा?"

राजीव जिंकण्यासाठी श्वास रोखून बसायचा, ही हरण्यासाठी. दोघं एकाच सोफ्यावर, एकाच ताटलीतले पोहे खात. संसार याहून वेगळा काय असतो? चौथी फेरीही टीम जिंकली. राजीवने टाळ्या वाजवल्या, पद्मिनी पाणी बदलायला उठली.

जानेवारीत चिठ्ठ्या निघाल्या आणि प्लूव्हेकच्या समोर आला पहिल्या डिव्हिजनचा क्लब. स्वतःची बस, स्वतःचा डॉक्टर, स्वतःचा स्वयंपाकी. पद्मिनीच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी तेज आलं. त्या मॅचच्या आदल्या दिवशी तिच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि तिने तिळगुळाबरोबर दर बाईला एकेक मेणबत्ती वाण म्हणून दिली. आनंद तिच्या पोटात मावत नव्हता.

तिथेच घोटाळा झाला. आमच्या मंडळाच्या अध्यक्ष रत्नामावशी हात जोडायला देवघरापाशी गेल्या आणि बोलमधला गणपती बघून थबकल्या.

"अगं बाई! देव पाण्यात? कशासाठी?"

"रुचाच्या मॅचसाठी," पद्मिनी म्हणाली. ती खोटं बोलली नाही. तिने फक्त वाक्य अर्धं सोडलं. उरलेलं अर्धं रत्नामावशींनी स्वतःच्या मनाने पुरं केलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आई म्हणतात ती ही!" त्या सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या. "आपली मुलगी फ्रान्समध्ये एवढ्या मोठ्या टीमशी लढतेय, आणि आपण काय नुसत्या तिळगुळ खाणार? आज घरी गेल्यावर प्रत्येकीने देव पाण्यात ठेवायचे. डन?"

सगळ्याजणी डन म्हणाल्या. मी पद्मिनीकडे बघायचं टाळलं. रात्रीपर्यंत ग्रुपवर फोटो येऊ लागले. कुणाची अन्नपूर्णा स्टीलच्या डब्यात, कुणाचा बाळकृष्ण सॅलडच्या बोलमध्ये, देवयानीचे तर अख्खे देव इन्स्टंट पॉटच्या भांड्यात. सात घरांतले देव जिंकण्यासाठी बुडाले होते.

पद्मिनीचा मला फोन आला. "एकटा माझा गणपती, आश्लेषा. समोर सात घरं. तो किती लढणार गं?"

नाहीच लढू शकला. मॅच बरोबरीत सुटली आणि थेट पेनल्टीवर गेली, आणि पेनल्टी म्हणजे गोलकीपर एकटी आणि समोरून बंदूक सोडल्यासारखा बॉल. मी त्या दिवशी हर्डीकरांकडेच होते. रुचाने उडी मारून शेवटचा बॉल अडवला आणि गावातली सगळी माणसं मैदानात घुसली. कॅमेऱ्यावर कुणाचा तरी अंगठा आला. काळ्या पडद्यामागून नुसतं "रुशा, रुशा" ऐकू येत होतं. राजीव रडला. खरं सांगते, मीही रडले. पद्मिनी मात्र नुसती बघत राहिली. मग पुटपुटली, "उजवीकडे जाणार हे तिला आधीच कळलं होतं. बघितलंस? ती आधी हलली."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. ग्रुपवर रत्नामावशींनी विजयाचं श्रेय मंडळाच्या सामूहिक शक्तीला दिलं आणि खाली वार्षिक वर्गणीची आठवण केली.

इन्शुरन्स कंपनीचा वैतागलेला ईमेल आला, आता मार्चच्या पुढे थांबणार नाही म्हणून. पद्मिनी म्हणाली की मार्च पुष्कळ झाला, पुढच्या फेरीत नक्की हरतील. पण त्या काळात तिच्या वागण्यात काहीतरी बदलत होतं. कामावर जाताना गाडीत ती मला सांगायची की रुचाच्या टीमची डावीकडची बॅक, म्हणजे बचावातली मुलगी, फार पुढे जाते आणि मग रुचा उघडी पडते. ऑफसाइड म्हणजे काय ते तिने मला दोन सिग्नलच्या मध्ये समजावलं, डॅशबोर्डवर लिपस्टिक आणि किल्ल्या मांडून. मला अजून कळलेलं नाही, पण तिला कळलं होतं.

फेब्रुवारीत पुढची मॅच. पुन्हा मोठा क्लब, पुन्हा प्लूव्हेकचं मैदान, आणि तिकडे धो धो पाऊस. गायीसुद्धा आडोशाला गेल्या होत्या. इकडे आमच्या खिडकीबाहेर बर्फ. पहिला अर्धा खेळ गोलाशिवाय गेला. दुसऱ्या अर्ध्यात समोरच्या टीमने अक्षरशः तंबूच ठोकला रुचासमोर. ती पडत होती, उठत होती, पुन्हा पडत होती. एकदा समोरची मुलगी तिच्यावर आदळली आणि रुचा थोडा वेळ चिखलात तशीच राहिली. मग ती उठली, तोंड पुसलं आणि हसली. कुणाकडे बघून नाही, आपली आपणच. घरात इतक्या वर्षांत तिला असं हसताना मी तरी पाहिलं नव्हतं.

पद्मिनीने पाहिलं नव्हतं हे तिच्या तोंडावरून कळत होतं. ती उठली. मला वाटलं, पाणी बदलायला. देवघरापाशी जाऊन तिने गणपती बाहेर काढला, पदर नव्हता म्हणून स्वेटरच्या बाहीने कोरडा केला आणि जागेवर बसवला.

"हे काय?" मी कुजबुजले.

"नको," ती म्हणाली. "नाही मागायचं मला असं. जिंकू दे तिला."

ती सोफ्यावर येऊन बसते न बसते तोच कॉर्नरवरून बॉल आला. साधा बॉल होता. रुचाने तो दोन्ही हातांनी धरला, आणि तो तिच्या हातांतून साबणासारखा निसटून गोलात गेला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली म्हणायचं, दुसरं काय! तीन महिने बुडवून ठेवलं तेव्हा देव ऐकेना, आणि अंग कोरडं झाल्याबरोबर त्याने जुना अर्ज मंजूर केला. पद्मिनी टीव्हीसमोर उभी राहून पंचाला नागपुरी भाषेत जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही. उरलेल्या वेळात काही घडलं नाही. टीम हरली. घोडं गंगेत न्हालं.

ग्रुपवर सांत्वनाचे मेसेज सुरू झाले. आमचेच देव कमी पडले, असं देवयानीने लिहिलं. पद्मिनीने फोन उलटा ठेवला. राजीव चहा करायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

तासाभराने रुचाचा फोन आला. पद्मिनीने स्पीकरवर टाकला. रुचा म्हणाली, "आई, हरलो गं." चोवीस वर्षांच्या या मुलीने आईला आपणहून मराठीत काही सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. "माझ्यामुळे हरलो. साधा बॉल होता. हातातून सुटला."

"सुटतो," पद्मिनी म्हणाली. "एवढ्या पावसात कुणाच्याही हातून सुटला असता. आणि तुझी ती डावीकडची मैत्रीण, ती कुठे होती कॉर्नरच्या वेळी? मी बघितलं ना सगळं."

"यू वॉच्ड? होल मॅच?"

"सगळ्या मॅच बघितल्या."

मग रुचा नाक ओढत म्हणाली, "एनीवे. अ डील इज अ डील. आय विल बुक द फ्लाइट. कोच वॉन्टेड मी फॉर नेक्स्ट सीझन, बट आय टोल्ड हर नो. आय टोल्ड हर माय मॉम इज वेटिंग."

दारात राजीव चहाचे कप घेऊन उभा होता. वर रंगवलेली खोली तयार होती, कंपनी मार्चपर्यंत थांबायला तयार होती, पोरगी स्वतःच्या तोंडाने येते म्हणत होती. जे मागितलं ते सगळं ताटात वाढून आलं होतं. पद्मिनीने फक्त "ये" म्हणायचं होतं.

"हरून घरी यायचं असतं का?" पद्मिनी ओरडली. "त्या कोचला फोन लाव आधी. पुढच्या वर्षी खेळणार म्हणून सांग तिला."

"आई, आर यू शुअर?"

"लाव म्हटलं ना!"

फोन बंद झाला. राजीवने कप टेबलावर ठेवले आणि तिच्या शेजारी बसला. पद्मिनी माझ्याकडे वळली. चेहरा पांढरा पडला होता.

"आश्लेषा, मी हे काय बोलून बसले गं?"

"बरोबर बोललीस," मी म्हटलं.

तेव्हा कुठे ती रडली.