दुखणं शमवणाऱ्या जागा

सारसोळ्याच्या जयवंतीमावशी सारा जन्म मासळीत राहिल्या, तरी नेरूळच्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकताना त्या नाकाला पदर लावायच्या. "हा वास मासळीचा नाय," त्या म्हणायच्या.

जिवंत तिलापिया आणून देणं आणि टाक्या धुणं हे त्यांचं काम. मी तिथे पीएच. डी. करत होते. माशाच्या मेंदूच्या पातळ चकत्या रंगवून, अफूसारखी द्रव्यं नेमकी कुठे चिकटतात याचा नकाशा आम्ही काढत होतो. मेंदूतल्या त्या जागा दुखणं शमवतात. कापण्याआधी मासा औषधाच्या पाण्यात बधिर करायचा, असा नियम होता.

एकदा औषध संपलं. नवीन यायला आठवडा लागणार होता आणि माझ्या मार्गदर्शक सरांना थांबायचं नव्हतं. त्यांनी मासे कोरड्या ट्रेमध्ये काढून ठेवायला सांगितले. आपोआप शांत होतील म्हणाले. मी ठेवले. तासाभराने मावशी टाक्या धुवायला आल्या, तेव्हाही मासे तोंडं उघडत-मिटत होते. अंगावरचा चिकटा वाळत आला होता. मी वहीत वेळ लिहीत बसले होते.

मावशींनी विचारलं, आपण यांच्या डोक्यात शोधतो तरी काय? मी सोपं करून सांगितलं.

"म्हंजे त्यांना दुखतं, ह्ये तुमाला म्हाईत हाय."

मी मान हलवली. मावशींनी कोपऱ्यातलं लाकडी दांडकं उचललं आणि एकेका माशाच्या डोक्यात एकेकच टोला घातला. बारा मासे, बारा टोले. सगळे मेंदू फुटले, आमचा दिवस वाया गेला.

सर संतापले. उद्यापासून येऊ नका, म्हणाले. मावशींनी हात धुतले, पदराला पुसले.

"मी रोज मासे मारते, सर. पन असं बघत नाय बसत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रे भरला. नोंदवहीत 'बधिर करून' असं लिहायला सरांनी मला सांगितलं. मी लिहिलं. अक्षरही नीट काढलं. वर्षभराने आमचा नकाशा छापून आला, लाल-निळ्या ठिपक्यांचा, देखणा. त्यावर माझं नाव दुसरं होतं. लोकांनी अभिनंदन केलं की मला अंगावर कोणी थुंकल्यासारखं वाटायचं.

मग एका सकाळी नेरूळच्या बाजारात मावशी दिसल्या. पाटीपुढे बसून बोंबील साफ करत होत्या. माझ्यावर राग नव्हता. पदवी कधी मिळणार, लग्नाचं काय, असं सगळं विचारून झालं. मग सुरी थांबवून म्हणाल्या,

"आता तरी औषध घालता ना पान्यात?"

"घालतो," मी म्हणाले. खोटं होतं ते. खर्च नको म्हणून सरांनी औषध पुन्हा मागवलंच नव्हतं; त्या आठवड्यातही ट्रे कोरडाच होता.

"बरं केलंत, बाय." त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी माझ्या पिशवीत चार बोंबील जास्तीचे टाकले.

ती पिशवी मी घरी नेलीच नाही. आणि त्यानंतर त्या बाजाराकडे कधी फिरकले नाही.