दौलतगंजचा शेरा

बस्तेमामा शेरा घेतल्याशिवाय पुढचं पुस्तक देत नसत. दर गुरुवारी दुपारी दारात येऊन उभे राहायचे, लाल खारव्याच्या जाड कापडात बांधलेला पुस्तकांचा बस्ता छातीशी धरलेला, आणि म्हणायचे, "वहिनी, शेरा." ऊन फार आहे, मुलं कशी आहेत, असलं काही नाही. आधी शेरा, मग बस्त्याची गाठ सुटायची. पन्नाशी उलटलेली, मिशा पांढऱ्या, डोक्याला दरबारच्या शिपायाचा फेटा. दरबार गेला तरी फेटा काही गेला नव्हता.

शेरा म्हणजे वाचलेल्या कादंबरीवरचं मत. आता मताला शेरा का म्हणायचं, ते सांगते. मामा मूळचे दरबारच्या दफ्तरखान्यातले. वीसेक वर्षं त्यांनी या मेजावरचे कागद त्या मेजावर नेले. तिथली रीत अशी, की कागद पुढच्या मेजावर जायचा तर आधीच्याने त्यावर दोन ओळींचा शेरा लिहायचा. शेरा नाही, तर कागद अडला. मग विलीनीकरण झालं, संस्थान मध्य भारत नावाच्या नव्या राज्यात गेलं, दफ्तरखाना कुठल्याशा खात्यात गेला आणि मामा कुठेच गेले नाहीत, घरी बसले. आमच्या लष्कर शहरातल्या मराठी मंडळींचं एक लहानसं वाचनालय होतं. बायका तिथे जायच्या नाहीत, म्हणून पुस्तकं घरोघर पोचवायचं काम मंडळींनी मामांना दिलं. नुसतं पोचवायचं, एवढंच सांगितलेलं. शेऱ्याचा कायदा मामांनी आपल्या मनाने कादंबऱ्यांना लावला.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. माहेर शिवपुरीकडचं, शाळा चौथीपर्यंत, तीही हिंदी. मराठी वाचायला मी आपली आपणच शिकले. अक्षरं तीच, पण 'ळ' आला की पुढे जाताना ठेच लागायची. पहिली कादंबरी वाचायला मला महिना लागला. मामांनी शेरा मागितला तेव्हा मी म्हटलं, "चांगली होती."

मामा हलेनात. म्हणाले, "ही झाली पोच. मतलब, कागद मिळाला. शेरा कुठाय?"

मग मी चाचरत म्हटलं, की ती मुलगी शेवटी तापाने मरते ते मला पटलं नाही, तिचं पुढे काय करावं हे लेखकालाच सुचलं नसेल. मामांनी मान डोलावली. "हां. हे चालेल," म्हणाले, आणि बस्ता सोडला. माझं मत कुणाला तरी चालल्याची आयुष्यातली ती पहिली वेळ. त्या दिवशी माझी पोळी करपली, एवढं आठवतं.

घेतलेला शेरा मामा स्वतःजवळ ठेवत नसत. तो दुसऱ्या घरी सांगायचे आणि दुसऱ्यांचा आमच्याकडे. नाव कुणाचंच घ्यायचे नाहीत, गल्लीचं घ्यायचे. "पाटणकर बाजारचा शेरा असा आहे, की नायक दिसायला बरा, कामाला शून्य." मी त्यांच्या हिशोबी 'नई सडक', कारण आमचं घर नई सडकेच्या मागच्या गल्लीत. एकमेकींचं तोंड न बघितलेल्या आम्ही बायका अशा मामांच्या तोंडून भांडत होतो. पण मला खरी गोडी लागली ती दौलतगंजची. दौलतगंजच्या बाईंना माझं एक मत पटेल तर शपथ. मी एका नायिकेचं कौतुक केलं, तर दौलतगंजचा शेरा आला, "तीनशे पानांत या घरात चूल एकदा पेटली. बाकीचे दिवस ही मंडळी काय खात होती, ते नई सडकने सांगावं." मी चिडले, मग पान-पान उलटून बघितलं. खरंच, एकदाच पेटली होती.

सासूबाईंना वाचता येत नव्हतं. दुपारी मी मोठ्याने वाचायची आणि त्या वाती वळत ऐकायच्या. त्यांची मतं त्या मला सांगत नसत. फार तर नायिका रडू लागली की म्हणायच्या, "हिला घरात कुणी कामं सांगत नव्हतं वाटतं." सुनेबरोबर बसून कादंबरीवर चर्चा करायची, हे त्यांच्या पदाला शोभणारं नव्हतं. मामा आले की मी बस्ता आत घेऊन पुस्तक निवडत बसायची आणि सासूबाई मामांना अंगणात चहा द्यायच्या. दोघांचं काय बोलणं चालायचं, मला ऐकू यायचं नाही. हवापाण्याचं असेल, असं मी धरून चालले होते.

मामांच्या हातून घोटाळेही फार व्हायचे. एकदा म्हणाले, "दौलतगंजचं म्हणणं, त्या डॉक्टरने दुसरं लग्न करायला नको होतं." मी आणि सासूबाई बघतच राहिलो, कारण आम्ही वाचलेल्या कादंबरीत डॉक्टरच नव्हता. मी पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवली, मध्ये कुठे एखादं पान वगळलं की काय म्हणून. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "तो मधेच एकदा टांग्यातून उतरतो ना, तोच डॉक्टर असेल." पुढच्या गुरुवारी कळलं, की शेरा दुसऱ्याच पुस्तकाचा होता. तरी आजही मला तो टांग्यातून उतरलेला माणूस डॉक्टरच वाटतो, आणि त्याने दुसरं लग्न करायला नको होतं असंही वाटतं.

पण घोटाळे एकट्या मामांचेच होते असं कसं म्हणू? सगळाच काळ तसा होता. मध्य भारत झाला तेव्हा राजधानी सहा महिने इंदूरला आणि सहा महिने आमच्याकडे. माझे यजमान सचिवालयात कारकून, त्यामुळे तेही कपाटांबरोबर इकडून तिकडे. थंडीत घरी, उन्हाळ्यात इंदूरला. कुणाची बिऱ्हाडं तिकडेच राहून गेली, कुणी परत आले. मामांचा बस्ता कधी फुगायचा, कधी अगदी पातळ व्हायचा. सासूबाई यजमानांना विचारायच्या, "आता आपण कुणाचे रे?" ते सांगायचे, "मध्य भारताचे." त्यांना ते पाठ व्हायच्या आत मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला ठरली, आणि यजमानांच्या हातात बदलीचा हुकूम पडला. या वेळी सहा महिन्यांसाठी नाही, कायमचं.

घरात बैठक झाली. यजमान आणि थोरले दीर बोलले, मी दाराआडून ऐकलं. ठरलं असं, की आम्ही दोघं आणि मुलं भोपाळला जायचं आणि सासूबाईंनी थोरल्या दिरांकडे राहायचं. म्हाताऱ्या माणसाला नव्या गावी कुठे न्यायचं, असं सगळ्यांना एकदम पटलं. सासूबाई तेव्हा देवघरात होत्या.

आणि नेमकी त्याच आठवड्यात मामांनी दिलेली कादंबरी निघाली ती नोकरीपायी गाव सोडणाऱ्या माणसाची. तो मोठ्या शहरात जातो, आई मागे धाकट्या भावाकडे राहते, आणि शेवटी पत्र येतं की आई गेली. मी ती सासूबाईंना वाचून दाखवली. शेवटचं पान जरा भराभर वाचलं. मामांना शेरा दिला, की मुलाचा दोष नाही, नोकरी नेईल तिथे माणसाला जावं लागतं. मामांनी तो ऐकून घेतला आणि बस्ता सोडला. पुढच्या गुरुवारी म्हणाले, "दौलतगंजचा शेरा आहे. सबंध पुस्तकात त्या आईला एकदाही कुणी विचारलं नाही, की तू येतेस का. मुलाने नाही, सुनेने नाही, लेखकानेही नाही."

मला तो शेरा फार लागला. आठ दिवस मी मनातल्या मनात त्या बाईशी भांडत होते. हिला काय माहीत आमच्या घरातलं? आणि माहीत नसेल तर नेमकं तिथेच बोट कसं ठेवलं? मामा घरातल्या गोष्टी बाहेर नेतात की काय, अशीही शंका आली. मी ठरवलं, की जायच्या आधी या बाईंना भेटायचं आणि समोर बसून विचारायचं, तुम्ही असता तर काय केलं असतं. मामांकडे पत्ता मागितला, तर म्हणाले बाईंकडे पाहुणे आहेत. पुढच्या वेळी म्हणाले, त्यांना बरं नाही. तिसऱ्या वेळी पुस्तक देऊन, चहा न घेताच गेले.

मग मी एकटीच निघाले. सासूबाईंना सांगितलं, बांगड्या भरून येते. दौलतगंजात बांगडीवालीच्या दुकानावर बसून खरंच बांगड्या भरल्या आणि तिला विचारलं, की ते लाल बस्तेवाले मामा इथे कुठल्या मराठी घरी येतात. ती माझा हात दाबत म्हणाली, "बस्ते वाले? आते थे, सामने ऊपर वाली मराठन भाभी के यहाँ. वो तो इंदौर चली गईं, जब पहली बार दफ़्तर गए थे. छह-सात साल हो गए होंगे." मी वर बघितलं. खिडकीत कुणा दुसऱ्याच माणसांचे कपडे वाळत होते. माझ्या डोक्यात नुसता गोंधळ. सात वर्षं मग मी भांडले कुणाशी?

त्या गुरुवारी मामा आले. मी शेरा दिला नाही. म्हटलं, "मामा, मी दौलतगंजात जाऊन आले."

मामांनी बस्त्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"तिथे कुणी नाही," मी म्हटलं.

"नाही. बाईसाहेब पहिल्याच साली गेल्या."

"मग शेरे?"

"थोडे दिवस त्यांचे जुने होते, ते पुरवले. मग संपले."

"आणि मग?"

"मग काय, वहिनी. तुम्ही दर गुरुवारी विचारणार, दौलतगंज काय म्हणतं. दुसऱ्या कुणाचं नावच तुमच्या तोंडी नाही. दौलतगंज बंद झालं म्हणालो असतो, तर तुम्ही परत 'चांगली होती'वर आला असता."

"म्हणजे ते तुमचे होते."

मामा संकोचले. "शिपायाचा शेरा कागदावर चढत नाही, वहिनी. तशी रीत नाही. थोडे होते माझे. पुस्तक पोचवण्याआधी मी वाचून घेतो. थोडे पाटणकर बाजारचे. त्या बाई लाजतात, माझं म्हणून सांगू नका म्हणतात. आणि थोडे..." त्यांनी अंगणाकडे बघितलं. तिथे सासूबाई चहा गाळत होत्या.

मी एक पाऊल पुढे सरकले. हळूच विचारलं, "आईला कुणी विचारलं नाही, तो शेरा कुणाचा?"

"आठवत नाही."

"मामा, आठवा."

"खरं सांगतो. इतकी वर्षं सगळं एकाच नावावर चढवत गेलो, आता माझं मलाच निवडता येत नाही. दौलतगंजचा होता, असंच धरा."

खोटं बोलत होते की खरं, आजही सांगता येणार नाही. तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या, म्हणाल्या, "मामा, गेल्या वेळी तसेच गेलात," आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले, दोन मुठी आपल्याकडे ओढल्या आणि म्हटलं, "आई, भोपाळला येता का आमच्याबरोबर?"

त्यांनी सूप झटकलं. "तिथे हवा कशी आहे म्हणतात?"

"मोठं तळं आहे म्हणे."

"मग दमट असेल," त्या म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी माळ्यावरची स्वतःची ट्रंक खाली काढायला लावली. यजमान माझ्याकडे बघायला लागले, मी पोळ्या लाटत राहिले.

शेवटच्या गुरुवारी मामा पुस्तक परत न्यायला आले. नवं पुस्तक द्यायचं नव्हतं, तरी त्यांनी शेरा घेतलाच. मग जाता जाता घुटमळले. म्हणाले, "वहिनी, एक विचारायचं होतं. माधोगंजात एक सूनबाई नवीन आल्यात. वाचतात बऱ्या, पण बोलत नाहीत. त्यांच्याशी भांडायला नई सडक असेल तर बरं होईल. मतलब, तुमची हरकत नसेल तर." मी म्हटलं, चालवा. पुढे माझ्या नावावर कुणाकुणाची मतं चढली, देव जाणे. त्यातलं एखादं आज मला कुणी ऐकवलं, तर मी ते माझंच समजून मान डोलावीन.

भोपाळला गेल्यावर दीड-दोन वर्षांनी थोरल्या दिरांचं पत्र आलं. चार ओळी दुखण्याखुपण्याच्या, आणि खाली, वाचनालयाचे ते बस्तेवाले वारले. मी पत्र मोठ्याने वाचत होते, कारण सासूबाई ऐकत होत्या. त्या ओळीवर थांबले. त्याही थांबल्या. मग म्हणाल्या, "पुढे वाच." पुढे काहीच नव्हतं.

दुपारी मी आदल्या दिवशीची कादंबरी घेतली आणि शेवटचं प्रकरण वाचून पुरं केलं. त्यातली बाई नवऱ्याचं घर सोडून जाते आणि वर्षाने आपल्या पायांनी परत येते. सासूबाई वाती वळत होत्या. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "यावर दौलतगंजच्या बाई काय म्हणाल्या असत्या गं?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना सगळं ठाऊक होतं की नव्हतं, त्यांच्या लेखी दौलतगंजात अजून कुणी राहत होतं का, मला काही कळेना. डोळे वातीवर, चेहरा नेहमीसारखा. मी म्हटलं, "त्या म्हणाल्या असत्या, परत आली ते लेखकाला हवं होतं म्हणून. तिला यायचं नव्हतं."

सासूबाईंनी वात बोटांत पिळली आणि ताटलीत ठेवली.

"मला नाही पटत," त्या म्हणाल्या. "सांग तिला."