भाड्याचं रुखवत

मध्यंतरी शेजारणीने मला ठाण्याला एका हॉलमध्ये 'पेपर कटिंग'च्या शिबिराला ओढून नेलं. वीसएक बायका, प्रत्येकीपुढे एक खोका, खोक्यात रेघा छापलेले कागद आणि गुलाबी मुठीची कात्री. रेघेवरून कापायचं, बस. शिकवणारी म्हणाली, "ही आपली हरवत चाललेली कला आहे, आणि याने मन शांत होतं." माझं तर डोकंच तापलं. छापील रेघेवरून कात्री फिरवणं ही कला असेल, तर गिरणीतून दळण आणणाऱ्या प्रत्येकाला सुगरण म्हणायला हवं.

आणि हरवली म्हणे! हरवायला ती मानाने ठेवली होती कुणी? आमच्या डोंबिवलीच्या चाळीत ही कला स्वयंपाकघरातल्या फळीवर असायची. दिवाळीआधी फळ्या पुसून झाल्या की आई जुनी वर्तमानपत्रं घ्यायची, घड्या घालून कडेने कात्री चालवायची, आणि कागद उलगडला की फळीखाली लोंबणारी नक्षीची झालर तयार. तिच्यावर डबे. आईला कुणी कलाकार म्हटलं नाही. "कागद बदललेत का?" एवढंच शेजारणी विचारायच्या. पुढे फुलाफुलांचं प्लास्टिक आलं आणि सगळ्या चाळीने ते कागद बंबात घातले. गणपतीच्या मखरातूनही कागद गेला, थर्माकोल आला. थर्माकोलवर बंदी आली तशी तीच मंडळी आता मशीनवर कापलेली कागदी मखरं विकत आणतात आणि वर पर्यावरणावर आपल्याला चार शब्द सुनावतात. बाप्पा बिचारा सगळं ऐकून घेतो.

माझ्या थोरल्या बहिणीने मात्र कात्री सोडली नाही. ताई कल्याणला असते. पेन्सिल ती कधी लावत नाही. कागदाची घडी घालते, जरा वेळ तिच्याकडे बघत बसते आणि मग कापत सुटते. उलगडलं की दोन मोर समोरासमोर उभे. मीही एकदा करून पाहिलं होतं. माझ्या दोन कोंबड्या झाल्या, त्याही भांडणाऱ्या.

तीन वर्षांपूर्वी तिच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ताईने कागदाचं देवघर करायला घेतलं. पांढरंशुभ्र, हातभर उंच, चारी बाजूंना जाळी, जाळीत वेली आणि मोर, वर कळस. एका डोळ्यात मोतीबिंदू, तरी उन्हाळाभर खिडकीशी बसून कापत होती. मी म्हटलं, "अगं, डोळे आधी दाखव." तर म्हणाली, "तिच्या नव्या घरात सगळं विकतचं असणार. माझ्या हातचं एक तरी असू दे." तिची हौस म्हणा, हट्ट म्हणा, एवढाच होता.

भाचीला ते पुरेना. "आई, टेबलावर एकच आयटम कसा दिसेल? फोटोत रिकामं वाटणार ना!" म्हणून बाईसाहेबांनी रुखवत भाड्याने ठरवलं. रुखवत म्हणजे नवरीने आपल्या हाताने केलेल्या वस्तू सासरच्यांपुढे मांडायच्या. ते भाड्याने! सुपाऱ्यांचे भटजी, लोकरीची बाहुला-बाहुली, मण्यांची तुळस आणि वर चमचमत्या अक्षरांत पाटी, 'वधूची कला'. वधूला सुई ओवता येत नाही हे तिच्या सासूलाही ठाऊक होतं. तरी वरपक्षाच्या बायका "किती हौशी गं मुलगी!" म्हणत टेबलापुढून गेल्या. त्यांच्या घरच्या लग्नातही हेच भटजी बसून गेले असतील. ताईचं देवघर मधोमध ठेवलं होतं. पाठवणीच्या वेळी ताई रडत होती, मी तिला धरून उभी होते, आणि त्या टेबलाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

त्यानंतर ताई घोडबंदरला लेकीकडे गेली की तिला देवघर कुठे दिसायचं नाही. विचारलं की भाची म्हणायची, "आत कपाटात वर ठेवलंय गं. बाहेर धूळ बसते." ताईला याचं कोण कौतुक! मला फोन करून सांगायची, "बघ, किती जपते." मला त्या कपाटाचा संशय होता, पण मी कधी नव्हे ती गप्प बसले.

परवा ठाकुर्लीला नात्यातल्या एका लग्नाला ताई आणि मी गेलो होतो. लग्नाला गेले की मी रुखवताशी थांबतेच, नावं ठेवायला. सुपाऱ्यांचे भटजी ओळखीचे निघाले. मण्यांची तुळसही तीच. आणि मधोमध देवघर. कळस वाकलेला, एका मोराच्या मानेला चिकटपट्टी, वर तीच पाटी. पाठवणीच्या गडबडीत भाडेवाल्यांनी टेबल आवरताना आपलं समजून ते खोक्यात भरलं असणार. तेव्हापासून ते गावोगावच्या वधूंची कला होऊन फिरत होतं.

"ताई, चल, पंगत बसतेय," मी घाईने म्हटलं. पण तिने पाहिलं होतं. तिने देवघर दोन्ही हातांनी उचललं, तिरकं करून तळ बघितला. तळाला तिच्याच घरच्या जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा होता.

"थांब, त्या भाडेवाल्याला बोलावते," मी म्हटलं. "चांगली हजेरी घेते त्याची."

"नको," ताई म्हणाली. देवघर खाली ठेवून तिने पर्समधून फोन काढला. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिचा फोन कायम स्पीकरवर असतो.

"अगं, सहज केला गं. ते देवघर आहे ना नीट?"

"हो गं आई! कालच पुसून ठेवलं. तू पण ना!"

"बरं. जप हो."

फोन बंद झाला. मला ताईकडे बघवत नव्हतं. मी देवघराला हात घातला. "चल, ताई. आपलं आहे, घरी नेऊ."

तिने माझा हात अलगद बाजूला केला.

"ते आपलं नाही," ती म्हणाली. "आपलं माझ्या लेकीच्या कपाटात आहे. कालच पुसलंय तिने."