नाव बदलण्याचं कारण

“सम्राज्ञी? आणि ती कुठल्या राज्याची?”

बाईसाहेबांनी बर्फीचा तुकडा उचलला होता. तो त्यांनी परत बॉक्समध्ये ठेवला आणि बोटं रुमालाला पुसली. मी पोर्चमध्ये बॉक्स दोन्ही हातांनी धरून उभा. साहेब पेपर वाचत होते. त्यांची आई, आईसाहेब, खुर्चीत बसलेल्या. सून झोपाळ्यावर, सातवा महिना लागलेला.

मी त्यांचा ड्रायव्हर. बंगल्यामागच्या खोलीत राहणारा. तीन दिवसांपूर्वी माझ्या पोरीचं बारसं झालं होतं. मुलगी झाली म्हणून बर्फी घेऊन आलो होतो. एवढाच माझा गुन्हा.

सून म्हणाली, “आई, ते नाव तर मी लिहून ठेवलंय.”

तिनं नावांची वही केली होती. पहिल्या पानावर, मुलगी झाली तर, सम्राज्ञी. पोट सातव्या महिन्यात, आत कोण आहे ते कुणालाच माहीत नाही, पण नाव त्यांचं झालेलं होतं. सातबाऱ्यावर चढवल्यासारखं.

आईसाहेब मला समजावून सांगायला लागल्या, लहान लेकराला सांगतात तसं. “अरे, एकाच आवारात दोन सम्राज्ञी? हाक मारली तर कोणती येणार?”

सगळे हसले. साहेबही पेपरमागं हसले. मीही हसलो. हे लिहायला मला सतरा वर्षं लागली. मीही हसलो.

“सोनी ठेव,” बाईसाहेब म्हणाल्या. “छान आहे. तुमच्यात शोभतं.”

तुमच्यात. आम्ही कोण, हे त्या घरात कुणी तोंडानं काढलं नाही. शिकलेली माणसं. पैठणकडं धरणाखालची बागायत, शहरात बंगला, मुलगा डॉक्टर. माझा चहाचा कप मात्र जनरेटरच्या पेटीवर पालथा असायचा. मीच धुवायचा, मीच पालथा घालायचा. त्याबद्दलही कुणी कधी काही बोललं नाही.

आमच्या घरातली नावं सांगतो. आजा दगडू. बाप कचरू. चुलती धोंडी. ही नावं हौसेनं ठेवलेली नव्हती. गावात चांगलं नाव ठेवलं की पाटलाच्या ओट्यावरून विचारणा व्हायची. म्हणून माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, पोरीसाठी हे नाव आणलं. अक्का लासूर स्टेशनला अंगणवाडी चालवायची. आत्याचा मान तिचा. पाळण्यात वाकून तिनं पोरीच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि मग आम्हाला म्हणाली, “हजेरी घेताना मास्तरची जीभ सरळ झाली पाहिजे. सोपं नाव लई ठेवलं आपल्यात.”

मी दुसऱ्याच दिवशी जाऊन नोंद करून आलो होतो. जन्माच्या दाखल्यावर नाव चढलेलं होतं. साहेबांना तसं सांगितलं. वाटलं, कागदावर चढलंय म्हटल्यावर सोडून देतील.

“नोंद बदलता येते,” साहेब म्हणाले. “आपला माणूस आहे. तू फक्त सही कर.”

आठ दिवसांनी त्यांचा माणूस अर्ज भरूनच घेऊन आला. मी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि जिथं बोट दाखवलं तिथं सही केली. नाव बदलण्याचं कारण, असा एक रकाना होता. त्यात लिहिलं होतं, ज्योतिषाच्या सल्ल्यानुसार. आमच्या घराच्या उंबऱ्याला ज्योतिषी कधी आला नाही. आमच्या बापानं तो येऊ दिला नाही. माझ्या सहीनं तो आला.

राजपत्रात छापून आलं. माझी पोर सोनी झाली.

घरी मी खोटं बोललो. बायकोला सांगितलं, ऑफिसातल्या कारकुनानं चुकीचं नाव चढवलं, आता तेच चालवावं लागतंय. अक्काला फोनवर तेच. ती म्हणाली, “चुकलं तर दुरुस्त होतं की. मी येते उद्या, मी बोलते त्यांच्याशी.”

मी घाबरलो. ती आली असती तर सगळं उघडं पडलं असतं. मी म्हणालो, “तुला काय कळतंय गं कागदातलं?”

पन्नास लेकरांची वजनं, उंच्या, लसी रजिस्टरात लिहिणाऱ्या बाईला मी हे बोललो. साहेब माझ्याशी ज्या आवाजात बोलायचे, त्याच आवाजात. अक्का एवढंच म्हणाली, “बरं.” त्यानंतर ती आमच्या घरी आली नाही. रक्षाबंधनाला मीच जायचो. ती राखी बांधायची, जेवायला वाढायची, पोरीला जवळ घ्यायची. पण तिला हाक मारायची नाही. “ए बाळ” म्हणायची. सोनी कधी म्हणाली नाही.

आता यातली सगळ्यात घाण गोष्ट सांगतो.

दोन महिन्यांनी सून बाळंत झाली. मुलगा झाला.

पेढ्यांचे दीडशे बॉक्स मी डिकीत भरले. दोन दिवस शहरभर वाटत फिरलो. मुलाचं नाव वेगळंच, राजांचं वगैरे. वही कुठंतरी माळ्यावर गेली. त्या घरात पुन्हा मुलगी झाली नाही. म्हणजे सम्राज्ञी हे नाव त्या आवारात कधीच कुणाला लागलं नाही. माझ्या पोरीच्या अंगावरून काढून घेतलं आणि त्यांच्या कुणाच्याच अंगावर चढलं नाही. नुसतं टाकून दिलं. त्यांना आठवणसुद्धा राहिली नाही. उष्टं टाकणारा निदान पानाकडं बघतो तरी.

आणि मला माहीत होतं. पेढ्याचा पहिला बॉक्स उचलतानाच कळलं होतं की आता नाव मोकळं आहे. तेव्हा म्हणायला पाहिजे होतं, साहेब, आता परत करू द्या. एक वाक्य होतं. मी मनात दहा वेळा जुळवलं. गाडी चालवताना आरशात साहेबांचं तोंड दिसायचं आणि वाक्य गिळलं जायचं. मागितलं तर काय झालं असतं? फार तर खोली गेली असती. पोर सहा वर्षांची झाली तेव्हा ती खोली तशीही गेली, त्यांना तिथं जिम करायचं होतं. आम्ही बजाजनगरला भाड्यानं आलो. तेव्हाही मी गप्प. माणूस दुसऱ्यांचा किती तिरस्कार करणार? मी माझाच करत होतो आणि ड्युटीवर वेळेत जात होतो.

या उन्हाळ्यात पोर बारावी झाली. जात पडताळणीसाठी कागद काढायला बसली. विम्याच्या फाईलच्या खिशात मी तो पहिला दाखला आणि राजपत्राचं पान घालून ठेवलं होतं. फाडायची हिंमत नव्हती, दाखवायची तर नव्हतीच.

मी जेवत होतो. ती समोर येऊन उभी राहिली.

“पप्पा, सम्राज्ञी कोण?”

बायको भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

मी सांगितलं. पहिल्यांदाच, सगळं. बर्फी, वही, ज्योतिषी, पेढे. मान वर केली नाही. ताटाकडं बघत सांगितलं.

बायको म्हणाली, “सतरा वर्षं मी त्या कारकुनाला शिव्या दिल्या.” एवढंच बोलली आणि तव्यावरची करपलेली भाकरी माझ्या ताटात टाकली.

पोर रडली नाही. तिनं विचारलं, “त्यांना मुलगा झाला तेव्हा का नाही मागितलं?”

“भीती वाटली.”

“कशाची?”

तिनं दाखला घडी घालून स्वतःच्या दप्तरात ठेवला. “डिसेंबरात मी अठराची होते. मग मी माझ्या सहीनं घेऊ शकते. पण मला तसं नकोय. ज्यानं नेऊन दिलं, त्यानंच आणून द्यायचं.”

सोमवारी आम्ही दोघं सेतू केंद्रात गेलो. कॉम्प्युटरवरच्या पोऱ्यानं यादी उघडली. नाव बदलण्याचं कारण. यादीत लग्न होतं, घटस्फोट होता. मालक नव्हता.

“काका, इतर कारण टाकतो.”

“तिथं टाक. पण प्रतिज्ञापत्रात मी सांगतो ते लिही.” आणि मी सांगितलं. मुलीचे मूळ नाव तिच्या आत्याने ठेवले होते. मी ज्यांच्याकडे नोकरी करतो, त्यांना ते नाव आमच्या घरात नको होते, म्हणून मी ते बदलले. ज्योतिषाचे कारण खोटे होते. मूळ नाव परत घेत आहे.

त्याचे हात कीबोर्डवर थांबले. “असं कुणी लिहीत नाही, काका. तुमचंच नाव खराब होईल.”

“होऊ दे. माझं झालंच पाहिजे.”

छापून आलं ते मी दोनदा वाचलं. मग सही केली.

तिथून थेट बंगल्यावर. दोन तास उशीर झाला होता. पोर फाईल घेऊन फाटकापाशी थांबली. बाईसाहेब पोर्चमध्येच होत्या. आईसाहेब आता नाहीत, पण खुर्ची तीच आहे.

“कुठं होतास रे? मला साडेदहाला जायचं होतं.”

“पोरीचं नाव बदलायला गेलतो. सम्राज्ञी.”

“कोण सम्राज्ञी?”

आठवत नव्हतं. नाटक नव्हतं ते, खरोखरच आठवत नव्हतं. मी सांगितलं. झोपाळा कुठं होता, बर्फी कशी ठेवली, सगळं. त्यांनी ऐकलं आणि हसल्या. तेच हसणं.

“अरे, एवढीशी गोष्ट. कॉलेजला जाणाऱ्या पोरीचं नाव बदलतात का आता? सोनी चांगलंच आहे. मी ठेवलंय.”

“तुम्ही ठेवलंय म्हणूनच बदललं, बाई.”

बाईपुढं साहेब हा शब्द माझ्याकडून लागला नाही. त्यांच्या लक्षात आलं. चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं.

“फार बोलायला लागलास तू.”

“व्हय. उशिरा लागलो.”

मग मी फाटकाकडं तोंड केलं आणि हाक मारली. पोर्चमधून, त्या खुर्चीशेजारी उभं राहून, पूर्ण आवाजात. “सम्राज्ञी.”

एकच आली. दुसरी त्या आवारात कधी नव्हतीच.

नोकरी सोडली असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. मी सोडलेली नाही, पोरीच्या ॲडमिशनचं वर्ष आहे. काढायचं असेल तर त्यांनी काढावं, आणि काढताना कारण लिहून द्यावं. तोवर मी रोज जाणार. पालथा कप मी उचलून बाजूला टाकलाय, घरून बाटली नेतो. पोर जेव्हा जेव्हा फाटकाशी येईल, तेव्हा तिला तिच्या नावानं हाक मारीन, बाई घरात असल्या की जरा मोठ्यानंच.

रविवारी लासूरला गेलो. प्रतिज्ञापत्र अक्काच्या पुढ्यात ठेवलं. तिनं चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग पोरीला पुढं ओढून तिच्या कानाशी वाकली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. वर झाली तेव्हा माझ्याकडं बघून म्हणाली, “नाव दिलंय. तुला काही दिलेलं नाय.”

मी माफी मागितलीही नाही. ती मागायचा माझा हक्क मी बॉनेटवर सही करून दिला होता. आता मागायचं नाही. कुणी कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं, तर आधी वाचायचं, आणि खोटं असेल तर पेन खाली ठेवायचं.