सासूबाई तिच्याशीच बोलतात

माझ्या सासूबाई बोलत नाहीत, असं मी सव्वीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. बारवी धरणाच्या बाजूच्या खेड्यातल्या, भाताच्या शेतात उभा जन्म काढलेल्या. नवरा तरुणपणीच गेला. मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, एकटीने वाढवलं. लग्न करून मी घरात आले तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे भाजी काय करू, गोळी घेतलीत का, दूध नासलं. त्यापुढे मजल कधी गेलीच नाही. मी मनाशी म्हटलं, स्वभावच तसा, करणार काय.

आणि माझं तोंड बघाल तर अखंड सुरू. बदलापूरला मांजर्लीत आमची सोसायटी. मराठी घरं जास्त, चार सिंधी घरं उल्हासनगरच्या कॅम्पातून आलेली, तीन मुसलमान, एक ख्रिश्चन, वर एक बंगाली. मागे एकदा सणाच्या मंडपावरून आणि लाऊडस्पीकरवरून व्हॉट्सॲपच्या गटावर इतकी घाण भांडणं झाली की लिफ्टमध्ये लोक एकमेकांकडे पाठ करून उभे राहायला लागले. तेव्हा पुढाकार मी घेतला. महिन्यातून एकदा गच्चीवर जमायचं, एका घराने आपल्याकडची एखादी रीत सांगायची आणि बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. शेरे मारायचे नाहीत. हा नियम माझा. सिंधी काकूंनी थदडीबद्दल सांगितलं, त्या दिवशी घरात चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचं थंड खातात, आणि जाताना सगळ्यांना लोला, म्हणजे त्यांची जाड गोड पोळी, वाटला. सगळे म्हणाले, वहिनी, तुमच्यामुळे सोसायटी माणसात आली. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

सासूबाई गच्चीवर यायच्या. शेवटच्या खुर्चीत बसायच्या. एकदा सगळ्यांनी आग्रह केला, आजी, तुमच्या गावचं काहीतरी सांगा. त्या म्हणाल्या, "आमच्यात काय नाय तसं." विषय संपला. मला चारचौघांत मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या मुसलमान घरातला कर्ता माणूस झटक्याने गेला. बायको माझ्याहून थोडी लहान. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. घर भाड्याचं. मी लगेच मोबाइलवर वाचून काढलं, त्यांच्यात नवरा गेला की बाई इद्दत पाळते, चार महिन्यांहून जास्त घराबाहेर पडत नाही. मग मी गटावर एक छानसा संदेश लिहिला, की ताई त्यांच्या प्रथेप्रमाणे एकांतात आहेत, आपण सर्वांनी त्याचा मान राखून भेटायला जाणं टाळावं. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

सासूबाईंकडे असला फोन नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, वालाचं बिरडं डब्यात भरलं आणि जिना उतरून गेल्या. त्या आल्या संध्याकाळी. मी घाबरीघुबरी, अहो, त्यांच्यात चालत नाही, त्यांना कुणी भेटायचं नसतं. त्या म्हणाल्या, बाहेर जायचं नसतं तिने, आपण आत जायला कोण नको म्हणतंय, ती बिचारी दाराकडे डोळे लावून बसलेली. एवढं बोलून त्या हातपाय धुवायला गेल्या. तेच त्यांचं त्या महिन्यातलं सगळ्यात लांब वाक्य.

त्यानंतर रोज दुपारी त्या खाली. मी पहिले काही दिवस कौतुकाने सांगत फिरले, बघा, आमच्या सासूबाई. मग एकदा मी साखर मागायचं निमित्त करून गेले तर दाराबाहेरूनच हसणं ऐकू आलं. सासूबाईंचं. मी ते हसणं आधी कधी ऐकलंच नव्हतं. आतून त्यांचं हिंदी चाललेलं, म्हणजे आपलं गावचं मराठी आणि शेवटी 'है'. मी आत पाऊल टाकलं आणि दोघी गप्प. शेजारीण उठून म्हणाली, आओ भाभी, अम्मा के लिए काली चाय बना रही थी, आप भी लो. काळा चहा. सव्वीस वर्षं मी त्यांना दोन चमचे साखर घातलेला दुधाचा चहा देते आहे आणि त्या तो पितात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर सासूबाई तिला म्हणाल्या, पोरी, आलं घाल थोडं. पोरी. मला त्या 'अगं' म्हणतात, फार झालं तर 'सूनबाई'.

त्या रात्री मी नवऱ्यापुढे भडाभडा बोलले. तो म्हणाला, तूच म्हणतेस ना सगळ्यांनी एकमेकांशी बोलावं. मी म्हटलं, बोलावं, पण माझ्या सासूनं आधी माझ्याशी बोलावं. हे ऐकून तो हसला आणि मला आणखी राग आला. मला काय हवं होतं, ते त्याला कळणार नव्हतं. मला त्या बाईच्या जागी बसायचं होतं. मी केलेल्या चहाचा कप हातात धरून सासूबाईंनी मला पोरी म्हणावं, एवढंच. मी एका विधवा बाईवर जळत होते, जिचा नवरा जाऊन महिना झाला नव्हता. लाज वाटत होती आणि जळणंही थांबत नव्हतं.

शेवटी एकदा मी विचारलंच. शेंगा सोलता सोलता, अगदी सहज विचारल्यासारखं, की तिच्याशी काय बोलता एवढं. मलाही सांगा की. सासूबाईंनी शेंग खाली ठेवली.

"तिचा नवरा गेला, माझा गेला. तुझा बसलाय तिकडे टीव्ही बघत."

मी म्हटलं, तेवढंच?

"तुला सांगितलं का ते घरातच ऱ्हातं," त्या म्हणाल्या. "भांडणात निघतं, सणावारी निघतं. ती परकी. तिला सांगितलं का हलकं वाटतं."

पुन्हा शेंग उचलली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली. खरं बोलल्या होत्या, म्हणून जास्त लागलं. माझ्या गच्चीवरच्या बैठकीत कुणी कधी असं काही बोललं नव्हतं. तिथे सगळे आपापले गोड पदार्थ घेऊन येत.

इद्दत संपली आणि शेजारणीचा भाऊ तिला अंबरनाथला आपल्या घरी घेऊन गेला. मला, देवाशपथ सांगते, हायसं वाटलं. आता दुपारी सासूबाई घरी. मी काळा चहा केला, आलं घालून. त्यांनी अर्धा पिऊन ठेवला. जेवण निम्म्यावर आलं. दुपारी जिन्यापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. मला माहीत होतं काय बिघडलंय, आणि त्यावरचं औषध मलाच कडू लागणारं होतं. आठवडाभर मी दात ओठ खात राहिले. मग एका गुरुवारी रिक्षा केली आणि त्यांना म्हटलं, चला अंबरनाथला. त्यांनी विचारलंही नाही कुणाकडे. लुगडं बदलून दारात उभ्या.

तिथे पोचल्या पोचल्या शेजारीण त्यांच्या गळ्यात पडली आणि दोघी आतल्या खोलीत गेल्या. मला कुणी आत ये म्हटलं नाही. मी उभीच राहिले. मग स्वयंपाकघरातून तिची भावजय बाहेर आली, हात पिठात भरलेले, कपाळावर आठ्यांचं जाळं. म्हणाली, बसा इथेच, आत तर आपल्याला काही जागा नाही.

तिचंही तेच होतं. नणंद घरी आली, ही तिच्या पानात गरम गरम वाढते, तिच्यासाठी मऊ भात करते, आणि नणंद हिच्याशी हो-नाहीच्या पुढे जात नाही. आता बदलापूरची म्हातारी आली तर तीच नणंद धबधबा सुटल्यासारखी बोलते आहे. "हम क्या दुश्मन हैं?" ती मला म्हणाली. मी म्हटलं, बाई, माझ्याच मनातलं बोललीस. मग आम्ही दोघींनी त्या दोघींची यथेच्छ निंदा केली. फार बरं वाटलं. ती कणिक मळत होती, मी कोथिंबीर निवडत होते, आणि बोलता बोलता काय झालं कोण जाणे, मी तिला सांगून बसले की माझं दुसरं बाळ पोटातच गेलं होतं आणि त्यानंतर आमच्या घरात त्याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. सासूबाईंनीही नाही. हे मी आईलासुद्धा धड सांगितलं नव्हतं. तिने हात तसेच पिठात ठेवून डोळे खांद्याला पुसले. मग तिने तिचं सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

पुढचे गुरुवार असेच गेले. आत त्या दोघी, बाहेर आम्ही दोघी. नंतर नंतर रडणं संपलं आणि आम्ही हसायला लागलो, कशावरूनही. एकदा तर पोट धरून खाली बसलो. आतलं बोलणं थांबलं. सासूबाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या, आमच्याकडे बघत. मला हसू आवरेना. त्या परत आत गेल्या, पण त्या दिवशी लवकर निघू म्हणाल्या.

रिक्षात त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या. तोंड फुगलेलं. अर्ध्या वाटेत म्हणाल्या, "तिच्याशी बरं येतं तुला बोलायला. मना तर कधी काय सांगत नाय."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यावरून कुणाच्या तरी पोटात दुखत होतं, आणि तेही त्यांच्या. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी पदर तोंडाशी नेला.

"पुढल्या बेस्तरवारी तू येऊ नको," त्या म्हणाल्या. "मी एकलीच जाईन."

मी म्हटलं, मी तर येणारच.